बस्ता हैदराबादचा

दुपारी डबे खाऊन झाले की आमच्या शेडमधल्या मशिनी थोडा वेळ बंद असतात. बायका कापडाच्या गठ्ठ्यांना टेकून आडव्या होतात, पंखा घरघरत राहतो, आणि पत्र्याच्या फटीतून आलेल्या उन्हात सुताचे बारीक तंतू तरंगत असतात. ते वरही जात नाहीत, खालीही बसत नाहीत. त्यांच्याकडे बघता बघता माझा डोळा लागतो आणि मला नेहमीचं स्वप्न पडतं. गोदावरीच्या पुलावरून माणसं येताहेत. कॉलेजच्या मुली, बँकेतल्या बाया, भाजीवाल्या, गुरुद्वाऱ्याकडे निघालेले प्रवासी, आणि सगळ्यांच्या अंगावर आम्ही शिवलेले कपडे आहेत. वाऱ्यानं कुणाचा घेर फुलतो, कुणाची ओढणी उडते. मी कठड्याला टेकून नुसती बघत असते. ऊन असतं पण लागत नाही, पुलाचं दुसरं टोक काही दिसत नाही, आणि माणसं येतच राहतात.

"उठ गे माय, ख्वाब में काज-बटन नहीं होते," अशी आपाची हाक आली की पूल जातो आणि पंखा राहतो.

आपा माझी भागीदार. जुन्या नांदेडातल्या शिंप्यांच्या घरातली. तिच्या आजोबांकडे लोक शेरवानी शिवायला टाकत आणि ती होईपर्यंत लग्नाची तारीख पुढं ढकलत, असं ती सांगते. यातलं किती खरं ते मी कधी विचारलं नाही, कारण ती ते फार छान सांगते. कापायचं काम तिचं, शिवून झालेलं तपासायचं माझं. मी बरीच वर्षं बंगळुरूच्या एका मोठ्या कंपनीत हेच करत होते. परदेशी जाणारे कपडे उजेडात धरायचे, उलटे करायचे, धागा सुटलाय का बघायचं, आणि पुढं सरकवायचे. ते कोण घालणार, ते कधी कळलं नाही.

मी मूळची हदगावकडची. लहानपणी आमचा कापूस गाडीत भरून जायचा तेव्हा मी ढिगावर चढून बसायची, आणि खाली उतरवलं की रडायची. मला वाटायचं तो कुठंतरी मजेच्या गावाला निघालाय आणि मला टाकून चाललाय. मोठी झाल्यावर कळलं, तो कुठल्या कुठं जाऊन सूत होतो, मग आणखी कुठंतरी कापड होतो, तिसऱ्याच गावी त्याची कुडती शिवतात, आणि ती कुडती नांदेडच्या बाजारात येऊन टांगली जाते. आपण तिला पाहुणी समजून कौतुकानं घरी आणतो. बंगळुरूला मशिनींच्या आवाजात हे माझ्या डोक्यात फिरत राहायचं. एवढी पायपीट कशाला, निदान शिवायचं तरी इथंच का नको, असं वाटायचं. शेवटी एक दिवस राजीनामा दिला, गाडीत बसले आणि नांदेडला उतरले. वेडी झालीस का, असं सगळ्यांनी विचारलं. मी हो म्हणून टाकलं, म्हणजे विषय मिटला.

आपाला आणि मला एकच गोष्ट करायची होती. अंगाला नीट बसेल, धुतल्यावर आटणार नाही, आरशासमोर उभं राहिल्यावर बाईला बरं वाटेल असा कपडा शिवायचा, आणि तो उमरी-नायगावसारख्या लहान गावातल्या मुलीलाही सहज घेता यावा. कापड इचलकरंजीहून मागवायचो. शिवायला गल्लीतल्याच बायका, आजवर घरी बसून साडीला फॉल लावणाऱ्या. मानेपाशी आम्ही छोटं लेबल लावायचो, त्यावर एकच शब्द: नांदेड.

त्या एका शब्दानं आमचा जीव खाल्ला. नांदेडच्याच वजिराबाद बाजारातल्या एका दुकानदारानं कुडतीला हात लावला, उलटी केली, उजेडात धरली आणि म्हणाला, "माल एक नंबर हाय ताई. फक्त हे नाव काढा."

"का बरं? गाव काय वाईट आहे का?"

"मी पण ह्याच गावचा हाय. पण गिऱ्हाईक नांदेडचं म्हटलं की निम्म्यात मागतंय."

दोन-चार दिवसांनी मी तिथं सहज डोकावले, तर तो एका मुलीला आमचीच कुडती दाखवत होता आणि सांगत होता की मुंबईचा माल आहे, कालच उतरलाय. मुलगी खुश. मी भडकले. दुकानातच आवाज चढवला. दुकानदारानं शांतपणे माझ्यासाठी चहा मागवला, आणि तो चहा इतका चांगला होता की भांडण अर्धवट राहिलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाजार थंड पडला. आमच्याकडं चंदेरी कापडाचा एक माल तयार पडून होता. पिस्ता रंगाचे आणि हळदी रंगाचे ड्रेस, गळ्याखाली बारीक चुण्या, बाहीला जांभळी पट्टी. ती चुण्यांची कल्पना आपाची, आणि माझ्या मते आम्ही शिवलेलं ते सगळ्यात देखणं काम. एक बाहेरगावचा व्यापारी आला आणि सगळा माल एकदम घेतो म्हणाला. त्याचीही अट तीच, लेबल काढून द्या. मी नाही म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात आपानं माझा हात दाबला.

"कायकू अडून बसतीस? कोई तो पहनेगा ना. इथं गठ्ठ्यात बांधून काय अंडे घालणार हैं क्या?"

बायका लेबलं उसवायला बसल्या आणि मी रस्त्यावर जाऊन उभी राहिले. व्यापारी माल कुठं नेणार, ते आम्ही विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही.

मग माझ्या भाचीचं लग्न ठरलं.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. बहिणीला मी आक्का म्हणते. ती लग्न होऊन लातूरला गेली तेव्हापासून लातूरचीच झाली. आई गेल्यावर तिनंच मला सांभाळलं, त्यामुळे तिच्यासमोर मी अजून लहानच असते. लग्नाची बातमी फोनवर ऐकली त्या दुपारी मला पुलाचं स्वप्न पडलं नाही. त्याऐवजी लातूरचा मांडव दिसला. करवल्या मांडवात इकडून तिकडं पळताहेत, सगळ्यांच्या अंगावर आम्ही शिवलेलं, आणि आक्का लोकांना सांगतेय, हे माझ्या बहिणीचं काम. जागी झाले तरी मी कितीतरी वेळ हसत बसले होते. बाजारानं मला नाव काढायला लावलं होतं ते एक वेळ ठीक. पण माझी बहीण माझा कपडा चारचौघांत देईल की नाही, हे मला कळायला हवं होतं. ती नाही म्हणाली तर बाकी कुणाकडून काय मागायचं?

मी नमुन्यांची पिशवी घेऊन लातूरला गेले. आक्कानं एकेक ड्रेस गादीवर पसरला, त्यावरून हात फिरवला. "लई मऊ हाय गं," म्हणाली. "हे मुलाच्या बहिणींना शोभून दिसंल." माझं मन अगदी कापसासारखं हलकं झालं. मग तिच्या हाताला ड्रेसला टाचलेली किमतीची चिठ्ठी लागली. तिनं ती वाचली, चष्मा लावून परत वाचली.

"एवढीच?"

"एवढीच. म्हणून तर करतोय आम्ही हे."

आक्का ती चिठ्ठी बोटांत फिरवत राहिली. मला वाटलं ती कौतुकाचे शब्द शोधतेय.

आमच्याकडं आहेराच्या कपड्यावरची चिठ्ठी काढत नाहीत. साडी असो की ड्रेस, दुकानाची चिठ्ठी तशीच ठेवून देतात, अगदी नकळत राहून गेली अशा बेतानं. घेणारी बाई मांडवात कपडा मांडीवर ठेवते, नमस्कार करते, आणि घरी जाऊन आधी ती चिठ्ठी बघते. आपला मान किती ठेवला ते तिला तिथं कळतं. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ह्याच मातीतली. पण स्वस्त आणि चांगलं, स्वस्त आणि चांगलं, असा जप करता करता मी हे साफ विसरून गेले होते.

"चिठ्ठी बदल," आक्का म्हणाली. "आकडा वाढवून छाप. तुला मी आहे तेवढेच पैसे देते. पण विहीणबाईंच्या पोरींना हे असलं कसं देऊ?"

"असलं म्हणजे कसलं?"

"तसं न्हाई म्हणायलेय मी. कपडा चांगलाच हाय. पण ती चिठ्ठी बघून त्या म्हणतील, पोरगी दिली अन् वरून सेलमधले कपडे दिले."

"मी खोटी चिठ्ठी लावणार नाही, आक्का."

"मग मी तरी काय करू? बस्ता हैदराबादला बांधायचा असं विहीणबाईंचं म्हणणंच हाय."

बस्ता म्हणजे लग्नाची सगळी कापडखरेदी एका जागी, एका बैठकीत. दोन्हीकडची माणसं दुकानातल्या पांढऱ्या गादीवर बसतात, ढिगानं कापड उलगडतात, चहा येतो, रुसवे होतात, आणि शेवटी सगळं एका गाठोड्यात बांधून, हळदी-कुंकू लावून घरी आणतात. नांदेड-लातूरकडच्या लोकांना तो हैदराबादला बांधला की लग्न मोठं झाल्यासारखं वाटतं. आक्काला तेवढं मोठेपण हवं होतं. एकुलत्या एका मुलीचं लग्न, त्यात तिची चूक ती काय? पण मी पिशवी भरली आणि संध्याकाळच्या बसनं परत निघाले. अहमदपूर गेलं, लोहा गेलं, मला काही दिसलं नाही. मनात आक्काशी भांडत होते, आणि त्या भांडणात मी फारच छान बोलत होते.

नंतर आम्ही फोनवर बोलायचो, पण नळाला पाणी आलं का, ऊन किती आहे, एवढंच. बस्ता बांधून आल्याचं मला भाचीकडून कळलं.

लग्नाला आपा माझ्यासोबत आली. ऊन असं होतं की मांडवातल्या पंख्यांचा वारासुद्धा तापला होता. अक्षता झाल्या, जेवणाची पहिली पंगत उठली, आणि आहेर सुरू झाला. आक्का एकेकीला हळदी-कुंकू लावून हातात कपडा देत होती. मी तबक धरून तिच्या शेजारी उभी होते, कारण मावशीनंच ते धरायचं असतं. मुलाच्या थोरल्या बहिणीला तिनं ड्रेस दिला. बहिणीनं उत्साहात तिथंच पिशवीतून काढून उलगडला.

पिस्ता रंग. गळ्याखाली चुण्या. बाहीला जांभळी पट्टी.

आपण शिवलेला कपडा ओळखायला खूण लागत नाही. स्वतःच्या हातचं वरण ओळखायला लागते का? त्या चुण्यांसाठी आम्ही किती उसवाउसव केली होती, कोणत्या बाईनं कोणत्या दुपारी कंटाळून मशीन सोडली होती, सगळं मला त्या एका बाहीत दिसलं. मांडवातला गलका लांब गेल्यासारखा झाला. मी आपाकडं बघितलं. ती समोरच्या खुर्च्यांत बसली होती आणि आधीपासून माझ्याकडंच बघत होती.

"बघा बरं," मुलाची बहीण सगळ्यांना दाखवत म्हणाली, "किती नाजूक काम हाय. आपल्याकडं हे असं होतच न्हाई. काकू, कुठल्या दुकानातून घेतलंत?"

आक्कानं हैदराबादच्या दुकानाचं नाव सांगितलं. अगदी पत्त्यासकट, ठामपणे.

मग दुसरीला हळदी रंगाचा. मग चुलत बहिणीला परत पिस्ता. सगळे आमचेच. प्रत्येकावर दुकानाची सोनेरी चिठ्ठी, आणि त्यावरचा आकडा बघून मला घेरी यायची बाकी होती. वाटलं, इथंच ओरडून सांगावं. हे नांदेडला शिवलंय. ती समोर बसलीय ना निळ्या दुपट्ट्याची बाई, तिनं कापलंय. मी एकेक तपासलंय. तोंड उघडलंसुद्धा असावं, कारण आपा पटकन उठून माझ्याजवळ आली आणि कानाशी म्हणाली, "चुप बैठ. आज भाची का दिन हाय. तेरा मेरा नहीं."

मी तबक धरून शेवटपर्यंत उभी राहिले. माझ्या स्वप्नातला मांडव अगदी तसाच माझ्यासमोर होता. करवल्या ड्रेस अंगाला लावून बघत होत्या, हसत होत्या, एकमेकींशी बदलत होत्या. सगळं होतं, फक्त त्यात आम्ही नव्हतो. मला आनंद झाला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्हींपैकी एकही तिथं करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीची पाठवणी होऊन घर रिकामं झालं होतं. आपा पहिल्या बसनं नांदेडला गेली, शेड उघडायला. अंगणात मांडवाचे बांबू उतरवत होते. आक्का आतल्या खोलीत उरलेल्या साड्या कपाटात ठेवत होती. मी दारात उभी राहून एकदाचं बोलून टाकलं.

"आक्का, ते ड्रेस आमचे होते."

तिनं मागं वळूनही बघितलं नाही. "म्हाईत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"तुझे होते ते. दुकानात त्यानं गठ्ठा सोडला अन् मी हात लावला, तवाच कळलं. नमुने नव्हते का दाखवलेस तू? शिवण तीच. काखेत टोचत न्हाई असं दुसरं कोण शिवतंय?" तिनं एक साडी नीट घडी घातली, परत मोडली, परत घातली. "विहीणबाई म्हणल्या, हेच घ्या, असं काम आपल्याकडं होत न्हाई. मी म्हटलं, हाव, हेच द्या."

"आणि तू काही बोलली नाहीस?"

"काय बोलू? बहिणीचं हाय म्हटलं असतं तर त्यांनी ठेवून दिलं असतं. मला तुझंच द्यायचं होतं गं. तुझ्या किमतीत देता येत नव्हतं. तिथं ते आपणहून आलं माझ्यापुढं, मग सोडू का?"

मला तिचा भयंकर राग आला. एवढी मोठी रक्कम, ती त्या दुकानदाराच्या घशात, आणि आमचं नाव कुठंच नाही. आणि त्याच वेळी मला दिसत होती ती पांढऱ्या गादीवर बसलेली आक्का, समोर ढीग, चारी बाजूंनी माणसं, आणि तिच्या हातात माझा ड्रेस. कुणाला न कळू देता तिनं तो निवडला. तिला तेव्हा कसं वाटलं असेल, याचा विचार मी अजूनही दुपारच्या पेंगेत करते.

"एक माझ्यासाठी पण घेतला," आक्का हळूच म्हणाली.

आक्काला मी साडीशिवाय दुसऱ्या कशात कधी बघितलेलं नाही. तिच्या सासरी बायका साडीच नेसतात, आणि दाजींनी कधी नाही म्हटलं नसलं तरी तिनंही कधी विचारलं नाही. तिनं कपाटातल्या सगळ्यात खालच्या साड्यांतून हळदी रंगाचा ड्रेस काढला, दाराला कडी लावली आणि माझ्याकडं पाठ करून तो घातला. वळली. ड्रेस तिला चांगलाच ढगळ होता, बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या. आरशात बघायचं सोडून ती माझ्याकडं बघत होती, आणि लाजली होती. पन्नाशी उलटलेली माझी आक्का.

"कशी दिसायलेय?"

"बुजगावण्यासारखी," मी म्हटलं. "दे इकडं, आत घेऊन देते."

"हे राहू दे असंच. माझ्यासाठी दुसरा शिव. नांदेडात, तुझ्या शेडमध्ये. परतणीला पोरीला आणायला मी तोच घालून जाणार हाय विहीणबाईंकडं. त्यांनी विचारलं तर सांगीन कुणी शिवला ते. अन् चिठ्ठी मागितली तर ती पण दाखवीन." तिनं दोन्ही हात बाजूला पसरले. "माप घे."

"टेप नाही आणली मी."

"हात हाय की."

मी वितीनं तिचं माप घ्यायला लागले. आधी खांदा, मग पाठ, मग बाही. इतक्या वर्षांत किती अनोळखी बायकांची मापं धरून कपडे तपासले, पण आक्काची पाठ किती अरुंद आहे ते मला माहीत नव्हतं. काखेपाशी हात गेला तशी ती गुदगुल्या होऊन हसायला लागली आणि "नीट घे गं" म्हणून मलाच रागावली. बाहेर बांबू पडत होते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, विती मोजण्यात चूक झाली, आणि मी परत खांद्यापासून सुरुवात केली.